हे फूल कोणतं, आई?



श्रावण लागला की प्रत्येक घरातून एखादी तरी सहल निघतेच. कुणी माहेरगावी जातं, कुणी मुलांना घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर, कुणी शेजारणींच्या जोडीनं डोंगरावरच्या देवीला. एस.टी.तून उतरून चार पावलं चाललो नाही तोच पोरं बांधावरून काहीतरी उपटून आणतात आणि नाचवत विचारतात, "आई, हे फूल कोणतं गं?" आपलं लक्ष डब्याकडे, पाण्याच्या बाटल्यांकडे. "असेल काहीतरी रानातलं. टाक बघू ते, आणि हात धू," म्हणून आपण मोकळ्या होतो.

यातला "हात धू" हा भाग मला मान्य आहे. का ते पुढे सांगतेच. पण "असेल काहीतरी" हे काही पटत नाही. कारण असं म्हणणाऱ्या बाईला त्यातली निम्मी झाडं आधीपासून ठाऊक असतात. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ कोण घालतं? गणपतीच्या पत्रीत माका, धोत्रा, डोरली, विष्णुक्रांता, रुई हे सगळं कोण मोजून घेतं? ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं नको म्हणून आपसूक उगवलेली भाजी शोधायला कोण निघतं? आणि ज्यांच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात त्यांना तर मुळासकट रोप कुठून आणायचं हेही पाठ असतं. भाद्रपद संपेपर्यंत आपल्या देव्हाऱ्यात आणि स्वयंपाकघरात जेवढी रानटी झाडं येऊन जातात, तेवढी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलीच्या टेबलावरही येत नसतील!

फरक एवढाच की ती आपल्याकडे जुडी बांधून येतात, अर्धवट सुकलेली. उभं झाड समोर आलं की ओळख विसरते. रोज दुकानात दिसणाऱ्या वाणीणकाकू लग्नात शालू नेसून भेटल्या की क्षणभर नाही का आपण गोंधळत? तसंच ते.

तेव्हा या वेळी स्वेटरचे नमुने आणि लोणच्याचे मसाले बाजूला ठेवून रानफुलं कशी ओळखायची ते पाहू.

सगळ्यात आधी, रंगावर जाऊ नका. साडी घेताना आपण हे जाणतो, रानात मात्र विसरतो. "ते पिवळं फूल" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही, कारण भाद्रपद-आश्विनात माळावरची निम्मी फुलं पिवळीच असतात. शिवाय रंग टिकत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस हे आपण बोलताना म्हणतो, पण तेरडा मुळातच गुलाबी, तांबडा, जांभळा आणि क्वचित पांढराही असतो हे किती जणींनी पाहिलं आहे? घाणेरीच्या एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी-तांबडी दिसतात. ती वेगवेगळी नव्हेत, फूल जुनं झालं की रंग पालटतं. तेव्हा रंग लिहून ठेवा, पण शेवटी.

आधी पान पाहा. ते देठावर समोरासमोर जोडीनं आलं आहे की एक इकडे, एक तिकडे? कड सरळ की करवतीसारखी? मग खोड हातात धरून बोटांनी फिरवा. गोल आहे की चौकोनी? चौकोनी लागलं, पानं समोरासमोर असली आणि चुरगळल्यावर वासही आला, तर तुळशीचं गोत्र समजायला हरकत नाही. अंगणातली तुळस एकदा या नजरेनं तपासा, म्हणजे कायमचं लक्षात राहील. याच गोत्रातली दीपमाळ. उंच दांड्यावर थोड्या थोड्या अंतरानं काटेरी गोल गेंद आणि त्यातून बाहेर डोकावणारी केशरी फुलं. देवळापुढच्या दीपमाळेवरून पडलेलं नाव इतकं चपखल की एकदा पाहिल्यावर दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. शंकराला वाहतात ती कुंभ्याची पांढरी फुलंही याच घरातली. काही ठिकाणी त्याला तुंबा म्हणतात.

आता पुढचं सांगते, ते आपल्या घरातलंच आहे. रानफुलांची नाती ओळखायची शाळा म्हणजे आपली भाजीची पिशवी. वांग्याचं फूल तुम्ही पाहिलंय? कुंडीत एक रोप लावा आणि नीट पाहा: पाच टोकांची जांभळी चांदणी आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा उभा झुबका. आता रस्त्याच्या कडेला जमिनीसरपट पसरलेली काटेरी भुईरिंगणी पाहा, पत्रीतली डोरली पाहा. तेच फूल! टोमॅटो आणि मिरचीचं फूलही याच घडणीचं, फक्त लहान आणि वेगळ्या रंगाचं. पण एक ध्यानात ठेवा, धोत्राही याच कुळातला आहे. नात्यातलं म्हणून खायच्या लायकीचं असं मुळीच नाही. माणसांचंही तसंच असतं म्हणा.

तुरीचं, वाटाण्याचं, गोकर्णाचं, हादग्याचं फूल एका घडणीचं. मागे एक मोठी पाकळी पदरासारखी उभी, दोन बाजूंना दोन, आणि पुढे दोन जोडून केलेली होडी. अशी होडी दिसली की शेंग धरणार हे नक्की. माळावर खुळखुळा नावाचं पिवळ्या फुलांचं झाड असतं, त्याची वाळलेली शेंग हलवली की आतल्या बिया वाजतात. मुलांना वाजवू द्या, बिया तोंडात मात्र घालू देऊ नका. भेंडी आणि जास्वंद बहिणी-बहिणी. पाच मोठ्या पाकळ्या आणि मधून निघालेला पुंकेसरांचा खांब. झुडपांत मोठं फिकट पिवळं, आत गर्द तपकिरी डोळा असलेलं फूल दिसलं की ती रानभेंडी. कोथिंबीर निबर होऊन तिला पांढऱ्या छत्र्या येतात ना? तशाच पण मोठ्या छत्र्या सह्याद्रीच्या सड्यांवर गणपतीच्या सुमारास उभ्या दिसतात, त्या पंद नावाच्या झाडाच्या. राजगिरा-माठाच्या घरातला कुर्डू तर भाजी म्हणून कितीतरी घरांत शिजतो. त्याचा गुलाबी-पांढरा तुरा हाताला कोरडा, कागदासारखा लागतो. बागेतला कोंबडा त्याचाच सख्खा.

हळदीचं सांगायचं राहिलंच. पावसाळ्यात घाटाच्या वाटेवर झाडांखाली हळदीसारखी रुंद पानं आणि त्यांच्यामधून वर आलेला गुलाबी-जांभळा तुरा दिसतो. बघणारी म्हणते, काय सुंदर फूल! पण तो फुलाचा तुरा नव्हे, ती रंगीत पानं. खरं फूल खाली, हिरव्या खपल्यांच्या वाटीत बसलेलं, पिवळंधमक. ही रानहळद. फूल कुठलं आणि नुसता नखरा कुठला हे तिथं वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. आल्या-हळदीच्या नात्यातलं पेवही याच दिवसांत फुलतं. त्याची पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात आणि टोकाला लाल कणसातून क्रेपच्या कागदासारखं पांढरं फूल येतं. कोकणातल्या मैत्रिणींना हे नवं नाही.

शेवंती-झेंडूच्या घरातली फुलं मात्र जरा फसवतात. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते शेकडो बारक्या फुलांचं गाव असतं. झेंडूची "पाकळी" ओढून काढली की खाली काळी बी हाताला येते ना? म्हणजे ती पाकळी नव्हे, अख्खं फूल. आश्विनात घाटमाथ्यावर पिवळा गालिचा घालणारी सोनकी याच घरातली. आणि ज्याचं तेल आपण केसांना लावतो तो माकाही. माका ओळखताना नवख्या बायका हमखास एकदांडी तोडून आणतात. दोन्हींचं फूल लहान, फिकट. मग फरक कसा करायचा? माक्याचं फूल पांढरं, बटणाएवढं, कडेला बारीक केसांसारखी किनार. झाड ओलीला, गटाराच्या किंवा शेताच्या पाटाच्या कडेला, आणि खोड चुरगळलं की थोड्या वेळात बोटं काळसर होतात. एकदांडीला नावाप्रमाणे लांब सडसडीत दांडीवर एकच फूल, मधे पिवळं आणि भोवती टोकाला कातरलेल्या मोजक्या फिक्या पाकळ्या. ती कोरड्या रस्त्याकडेलाही सुखानं राहते. तेल कढवण्यापूर्वी एवढी परीक्षा कराच.

आता "हात धू"कडे येते. हा भाग घाईनं वाचू नका.

श्रावण-भाद्रपदात कुंपणांवर, करवंदीच्या जाळ्यांवर चढलेला एक वेल दिसतो. फुलाच्या सहा अरुंद पाकळ्या, कडा लाटांसारख्या मुरडलेल्या, आणि सगळ्या उलट्या, वर वळलेल्या, जणू ज्योत पेटली आहे. उमलताना हिरवट-पिवळं, मग टोकाकडून तांबडं होत होत सगळं लालभडक. ही अग्निशिखा, म्हणजेच कळलावी. तमिळनाडूचं हे राज्यफूल. कोकणात आणि गोव्यात गणपती-गौरीच्या सजावटीत हिला मान आहे; गोव्यात गणपतीवर रानातली फळं, पानं, फुलं टांगून जी माटोळी बांधतात तीतही ही असते. इतकं देखणं फूल रानात दुसरं क्वचितच असेल.

आणि इतकं विषारीही क्वचितच. कोल्चिसिन नावाचं विष या झाडाच्या अंगभर असतं, सगळ्यात जास्त कंदात आणि बियांत. त्याच कोल्चिसिनचं औषध संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर अगदी मोजून मापून देतात, आणि त्यासाठी तमिळनाडूत शेतकरी कळलावीची लागवडही करतात. पण कंद? तो जमिनीत नांगराच्या फाळासारखा दोन बाजूंना फाकलेला असतो, म्हणून तर संस्कृतात तिला लांगली म्हणतात. एकच फाटा मोडून हातात आला तर रताळ्याचा किंवा रानकंदाचा भास होतो. रताळं समजून खाल्ल्यानं माणसं दगावल्याच्या नोंदी श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. आपल्याकडे तिच्या कंदाचा उपयोग बाळंतपणात कळा आणायला करत, नाव त्यावरूनच पडलं. असला प्रयोग चुकूनही कुणी करू नये. आईच्या जिवावर बेतणारं आहे ते.

फूल नसतानाही कळलावी ओळखता येते, म्हणूनच मी मघापासून पान, पान म्हणून मागे लागले आहे. हिच्या पानाचं टोक लांबत जातं आणि शेवटी काकडीच्या वेलाला असतो तसा वळलेला ताणा होतो. काकडीला ताणा पेरातून फुटतो, हिला पानाच्या टोकातूनच. असं पान दिसलं की मुलांना एकदा जवळ बोलावून दाखवा आणि सांगा, हे पाहायचं, तोडायचं नाही. पूजेसाठी घरी आणणारच असाल, तर रांगतं मूल नाही अशा ठिकाणी, उंचावर ठेवा; निर्माल्य गाईगुरांच्या तोंडी जाईल असं टाकू नका; आणि आणलेल्या हातांनी लगेच कणीक मळायला बसू नका. कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी व्हायची वाट पाहू नये. त्रास काही तासांनी सुरू होतो आणि तोवर सगळं ठीक वाटतं. झाडाचा तुकडा पिशवीत घालून थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. मीठपाणी, ताक, लिंबू यांत वेळ घालवायचा नाही.

पत्रीतल्या धोत्र्याचंही असंच. त्याचं पांढरं कर्णा-फूल आणि काटेरी फळ मुलांना खेळण्यासारखं वाटतं. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. पूजा आटोपली की पत्री मोजून उचलावी हे आपल्या आज्या का सांगत, याचं एक कारण मला तरी इथं दिसतं.

आणखी एक झाड, जे विषारी वाटतसुद्धा नाही. बारीक पांढऱ्या मण्यांसारखी फुलं, गाजरासारखं कातरलेलं पान, रस्त्याच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेच्या रुळांलगत मैलच्या मैल. हे गाजरगवत, काही गावांत काँग्रेस गवत. मुली सहलीत याचे गुच्छ करून केसांत खोवतात, कारण दुकानातल्या पुष्पगुच्छात भरीला घालतात त्या पांढऱ्या फुलासारखंच दिसतं. आपल्या मातीतलं हे नव्हेच. मूळ अमेरिकेतलं, १९५०च्या दशकाच्या मध्याला पुण्यात ते नजरेत भरलं आणि तिथून देशभर पसरलं. बाहेरून आलेल्या धान्याबरोबर बी आलं असं मानतात. याच्या सततच्या स्पर्शानं अंगावर खाजरा पुरळ उठतो, परागानं शिंका आणि दमा बळावतो. घरात कुणाला पावसाळा संपता संपता दरवर्षी हातामानेवर चट्टे येत असतील, तर आधी घरामागचा रिकामा प्लॉट पाहून घ्या. उपटायचंच तर फूल धरायच्या आत, हातमोजे घालून आणि नाकाला पदर बांधून.

घाणेरीही तशीच परकी. एकोणिसाव्या शतकात शोभेचं झुडूप म्हणून बागेत आली आणि जंगल गिळून बसली. तिची कच्ची हिरवी फळं मुलांना बाधू शकतात, गुरांना तर पानंही. पुण्याच्या टेकड्यांवर आश्विनात जो नारिंगी-पिवळा कॉसमॉस डोलताना दिसतो आणि ज्याच्यापुढे उभं राहून सगळ्या फोटो काढतात, तोही मेक्सिकोकडचा. दिसायला छान आहे, नाही कोण म्हणतं? पण तो जिथं दाटतो तिथं आपला तेरडा आणि सोनकी मागे हटतात. फूल ओळखता यायला लागलं की डोळ्यांना हे खटकू लागतं, त्याला माझा इलाज नाही.

आता कासविषयी, कारण भिशीत तोच विषय असतो. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं हे पठार, उंची साधारण १,२०० मीटर. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या, त्यांत कास आहे. कोयना, चांदोली आणि राधानगरीही आहेत. भाद्रपदात जावं आणि आधी नाव नोंदवून, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. तिथं पोचल्यावर मात्र गालिच्याचा फोटो काढून परत फिरू नका. खाली बसा. जांभ्या खडकावर मातीचा थर वीतभरही नसतो, पाऊस थांबला की तो वाळून जातो. म्हणून इथल्या झाडांना तीन महिन्यांत उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं उरकावं लागतं. अशा मातीत कस कुठला? मग काहींनी वेगळीच सोय केली आहे. ज्यांना लोक सीतेची आसवं म्हणतात ती निळी-जांभळी नाजूक फुलं कीटकभक्षी आहेत! चिखलात त्यांच्या मुळांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात, त्यांत ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ओढले जातात. शेजारीच तांबूस केसांवर चिकट थेंब मिरवणारी दवबिंदू सापडेल, ती चिलटं पकडते. पांढऱ्या बटणांसारखे उभे असतात ते गेंद.

अशा ठिकाणी पाऊल कुठं टाकतो याला फार महत्त्व. मळलेल्या वाटेवरूनच चालायचं. फुलांत बसून फोटो काढला तर दुसऱ्या मिनिटाला आपण उठतो, पण तिथं बी धरायचं राहून जातं आणि पुढच्या वर्षी ती जागा मोकळी दिसते. तोडण्याबद्दलही माझं मत कडकच आहे. घरच्या गौरीसाठी परसातला, बांधावरचा तेरडा आणा, भरपूर असतो. सड्यावरचं एकही फूल नको. आणि कारवी फुलली असेल तर तिला हातच लावू नका. जिच्या काठ्यांचे कूड शेणामातीनं लिंपून डोंगरातल्या घरांच्या भिंती होतात, ती ही कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. तिचा सगळा संसारच एका हंगामाचा.

कासला जाणं सगळ्यांना जमत नाही, त्याची हळहळही नको. गावाबाहेरचा कुठलाही माळ, तळ्याची कड, भाताचा बांध, किल्ल्याची वाट चालते. एकच जागा निवडा आणि आषाढापासून आश्विनापर्यंत महिन्यातून एकदा तिथंच जा. दर खेपेला वेगळी मंडळी भेटतील. आषाढात जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान आणि त्यातून वर आलेली पांढरी फुलं दिसली तर ती जमिनीवरची आमरी, म्हणजे ऑर्किड. महागड्या दुकानातलंच नव्हे, आपल्या टेकडीवरचंही ऑर्किड असतं!

बरोबर काय न्यायचं? एक वही, पेन्सिल (शाईचं पेन पावसात रडतं) आणि असलंच तर भिंग. आता मोबाइल सगळ्यांकडे आहे. त्यात फुलाचा फोटो घेतला की नाव सांगणारी सोयही आहे, आणि ती कामाची आहे. पण नुसता फुलाचा फोटो दिला तर मोबाइलही आपल्यासारखाच रंगाला भुलतो. चार फोटो घ्या: फूल समोरून, फूल मागून, पान देठासकट, आणि अख्खं झाड. पिवळ्या फुलांच्या दहा नावांतलं नेमकं कोणतं, हे बहुतेक वेळा मागची बाजूच सांगते. मोबाइलनं सांगितलेलं नाव पाहून भाजी मात्र कधीही शिजवू नये. टाकळा, फोडशी, भारंगी, शेवळं ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहेत अशा बाईच्या हातूनच घ्यावीत आणि तिलाच कृती विचारावी. शेवळाबरोबर ती काकडं का देते, हे तिला विचारलं नाही तर घशाची खाज रात्रभर झोपू देणार नाही.

याच बाईकडून नावंही लिहून घ्या. आपल्याकडचा टाकळा विदर्भात तरोटा होतो, फोडशीला कुठं कुलू म्हणतात. सासूबाई, माहेरची काकू, बाजारात रानभाजीचे वाटे लावून बसलेली आजी, या सगळ्यांकडे प्रत्येकी पंचवीस-तीस नावं असतात आणि ती कुठल्याच पुस्तकात सगळी मिळत नाहीत. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ छापला, त्यात झाडांची देशी नावंही नोंदवली आहेत. ती त्यांना कुणीतरी इथल्याच माणसांनी सांगितली असणार. हे कुकसाहेब पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य होते. आणि २००१ साली 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे खिशात मावणारं फोटोंचं पुस्तक काढणारे श्रीकांत इंगळहळीकर, तेही पेशानं इंजिनिअरच. तेव्हा "आम्ही काही सायन्स शिकलो नाही हो" ही सबब चालणार नाही.

वहीत तारीख, जागा, पानाची ठेवण, खोड, वास, फुलाच्या पाकळ्या आणि शेवटी रंग, या क्रमानं लिहा. नाव कळलं नाही तर ओळ रिकामी सोडा. पुढच्या वर्षी भरता येते.

नवरात्राच्या आसपास गवत पिवळं पडायला लागलं की एक फेरी अवश्य करा. फुलं कमी झालेली असतात, पण साडीच्या काठाला आघाड्याचे दाणे चिकटून घरी येतात, टाकळ्याच्या लांब वाकड्या शेंगा दिसतात, कुर्डूच्या तुऱ्यातून काळ्या चकचकीत बिया झडतात. तेरड्याची फुगलेली हिरवी बोंडं शोधून मुलांच्या हाती द्या आणि हलकेच दाबायला सांगा. ती फट्‌दिशी फुटून बी चार हात लांब उडतं. पहिल्या वेळी मुलं दचकतात, मग सगळा बांध धुंडाळल्याशिवाय घरी यायला तयार होत नाहीत. तेव्हा परतीच्या एस.टी.ची वेळ आधीच पाहून ठेवा.